भोंग्यात बाळ नव्हतं

१

टाक्याच्या काठाशी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. तपकिरी, अंगठ्याच्या, वयस्क बायका घालतात तसल्या. देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा अगदी शेजारी शेजारी. टॉर्चचा झोत त्यांच्यावर थांबला आणि भुयारातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. पाण्याच्या काठावर रिकाम्या चपला दिसल्या की त्याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बिलालने झोत पुढे पाण्यावर नेला. नम्रताने पाहिलं, पण पाहिलेलं तिच्या डोक्यात शिरेना. खाली पाण्यावर मोतिया रंगाची साडी पसरली होती. ही साडी सकाळी आपणच इस्त्री करून आईला दिली, मग ती इथे पाण्यात कशी आली, एवढाच वेडगळ प्रश्न तिला पडला. मग कुणीतरी किंचाळलं. आपणच किंचाळतोय हे तिला घसा दुखायला लागल्यावर कळलं.

थोड्या वेळापूर्वी सगळं किती मजेत चाललं होतं! आपल्या शहराखाली काहीतरी दडलंय असं सांगितलं की पुणेकर तिकीट काढून बघायला जातो, आणि बाहेर येऊन 'काही विशेष नाही' असंही म्हणतो. येरवड्याच्या बाजूच्या एका टेकडीखालचं हे भुयार दुसऱ्या महायुद्धात खोदलं होतं, जपानी विमानं बॉम्ब टाकतील या धास्तीने. विमानं आली नाहीत. भुयार तसंच पडून राहिलं आणि यंदा एका ट्रस्टने साफसूफ करून ते लोकांसाठी उघडलं. तिथे वाजणारा हवाई हल्ल्याचा भोंगा नम्रताच्या नवऱ्याने, आनंदने, हौसेने तयार करून दिला होता. आनंदची नोकरी आयटीतली, पण जीव सगळा आवाजात. बुधवार पेठेतून स्पीकर आणि वायरी आणून त्याने घर भरून टाकलं होतं. आठवडाभर तो मागे लागला होता, "आईंना घेऊन चल, मी काय केलंय ते बघा तरी एकदा."

विमलाबाई, नम्रताची आई, लगेच तयार झाली. जन्मभर सूतिकागृहात सिस्टर म्हणून राबलेली ही बाई नातीच्या, मैत्रीच्या, जन्मापासून लेकीकडे स्वारगेटला राहायला आली होती. मैत्रीला रडताना मध्येच उचकी लागायची, आणि ती उचकी ऐकली की आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत यायची, "आले गं बाई, आले!" त्या दिवशी मैत्रीला शेजारच्या हेमाकाकूंच्या हवाली करताना ती हसून म्हणाली होती, "आज माझी सुट्टी. आज मी सुटले हो!" हे वाक्य नंतर फार महागात पडणार होतं.

भुयारात मधोमध एक शिळा होती, खोदताना दरड कोसळून गेलेल्या मजुरांची. गाइड बिलाल बागवान माहिती सांगत होता, तेवढ्यात मंडळींतल्या चंद्रभागाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी चपला काढून शिळेला हात जोडले. एकीने काढल्या म्हटल्यावर सगळ्यांनीच काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पण पुढचं माणूस अनवाणी उभं असताना आपण बूट घालून उभं राहणं कुणाला जमतं! शिळेपुढे चपलाबुटांचा ढीग झाला आणि मंडळी तशीच अनवाणी पलीकडच्या दालनात बाकांवर जाऊन बसली. बरोबर आलेला आनंद जरा लांबच्या बाकावर बसला.

"आता दिवे जातील आणि भोंगा वाजेल," बिलाल म्हणाला. "तेव्हाची माणसं कशी बसत असतील ते जरा अनुभवा. जागचं कुणी हलू नका." आणि तो खटके दाबायला दारापाशी गेला.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. भोंगा चढला, उतरला, पुन्हा चढला. नम्रताने आईचा हात घट्ट धरला होता. मग भोंग्याच्या आडून, कुठून तरी खोलातून, तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. आईचा हात तिच्या हातातून सुटला. पदर सारखा करत असेल, असं तिला वाटलं.

दिवे आले तेव्हा बाकावर आई नव्हती.

घाबरून बाहेर गेली असेल म्हणत सगळे दाराकडे पळाले. दारातही ती नव्हती. मागून आनंद आला, नम्रताच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. हात गार लागला. "सापडतील गं, इथेच असतील," तो म्हणाला. मग बिलाल टॉर्च घेऊन आतल्या टोकाला, जुन्या पाण्याच्या टाक्याकडे निघाला, बाकीचे त्याच्या मागे. आणि टॉर्चचा झोत त्या चपलांवर जाऊन थांबला.

२

"जीव दिला" हे शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारले नाहीत. पण भेटायला येणारा प्रत्येक जण ते तोंडात घोळवतच यायचा. नवरा गेल्यापासून विमलाबाई गप्प गप्पच असायच्या, असं एक मावशी म्हणाली. सकाळी "मी सुटले" असं म्हणाल्या होत्या, हे हेमाकाकूंनी डोळे पुसत चारचौघांत सांगितलं. आनंद फार बोलायचा नाही. कुणी विचारलं की "आई अलीकडे खचल्याच होत्या" एवढंच म्हणून खाली बघायचा.

नम्रता सुन्न होती. आई मेली हे एक वेळ तिने सोसलं असतं. पण आपला हात सोडून, मुद्दाम, एक शब्द न बोलता गेली? आपल्यात तिला जगण्याजोगं काहीच सापडलं नाही? हा प्रश्न तिला जेवू देत नव्हता आणि मैत्रीला पाजतानाही तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

पोलीस निरीक्षक नाजिमा तांबोळी आल्या त्या चौथ्या दिवशी दुपारी. साध्या कपड्यात, एकट्याच.

"चहा नको," बसता बसता त्या म्हणाल्या. "लोक पोलिसांना चहा पाजतात आणि आम्ही प्रश्न विसरावेत अशी अपेक्षा ठेवतात. मला एकच विचारायचंय. त्या टाक्यावर लोखंडी झाकण आहे. दोन्ही हातांनी, जोर लावून उचलावं लागतं. तुमच्या आईचे हात कसे होते?"

"उजवं मनगट मोडलं होतं मागे. कुकरचं झाकणही मीच लावून द्यायचे."

"मग टाकं उघडलं कुणी?"

आनंद पुढे झाला. "त्या गाइडने उघडं टाकलं असणार, मॅडम. आईंनी ते उघडं बघितलं, आणि..."

"तो म्हणतो, आदल्या दिवशी त्याने स्वतः बंद केलं होतं." नाजिमाबाई उठल्या. "अर्थात, प्रत्येक जण असंच म्हणतो. नम्रताताई, तुम्ही माझ्याबरोबर एकदा तिथे येता का? कुठे बसला होतात ते दाखवा. नवरा नको, तुम्ही एकट्याच."

भुयाराच्या दाराशी बिलाल उभा होता. पोराचा चेहरा चार दिवसांत उतरून गेला होता. झाकण उघडं ठेवलं म्हणून त्याच्यावर केस होणार, हे त्याच्या मोहल्ल्यात सगळ्यांना कळलं होतं. त्याने नम्रतापुढे हात जोडले. "ताई, माझ्या हातून नाही झालं हो ते."

नम्रताने नाजिमाबाईंना बाक दाखवला, आई कुठे होती ते दाखवलं. बाकाच्या मागूनच टाक्याकडे जाणारी बोळ सुरू होत होती. ओल फार म्हणून बोळीच्या फरशीवर चुन्याची पूड पसरलेली होती, आणि त्या दिवशी धावत गेलेल्या पावलांचे ठसे तिच्यात अजून होते.

"काळोखात काय काय झालं, सगळं सांगा."

"भोंगा वाजला. मग त्यात ते बाळ रडायला लागलं, तेव्हा आईचा हात..."

"कुठलं बाळ?" बिलालने मध्येच विचारलं.

"भोंग्यातलं. रेकॉर्डिंगमधलं."

बिलाल तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, हा भोंगा मी रोज वाजवतो. भोंग्यात बाळ नाही."

३

त्याने खटका दाबून भोंगा वाजवून दाखवला. चढला, उतरला, चढला. बाळ नव्हतं. त्या दिवशी मंडळींत कडेवरचं पोर घेऊन कुणी आलेलं नव्हतं, हेही बिलालने शपथेवर सांगितलं. तो दारापाशी, भोंग्याच्या अगदी शेजारी उभा होता. आतलं काही त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि खटका सोडला की भोंगा बंद पडतो, म्हणून तो तिथून हलूही शकत नव्हता.

मरायच्या आधी माणसांना नाही नाही ते ऐकू येतं म्हणतात. पण मरणार होती आई. आपल्याला का ऐकू यावं?

बाहेर येऊन जीपच्या सावलीत उभ्या राहिल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मला भास झाला नव्हता. एक गोष्ट सांगते, हसू नका. मैत्री रडली की मला पान्हा फुटतो. दुसऱ्या कुणाचं बाळ रडलं तर नाही फुटत. शेजारच्या फ्लॅटमधलं दिवसभर रडत असतं. त्या दिवशी दिवे आले तेव्हा माझा ब्लाउज भिजला होता."

नाजिमाबाई हसल्या नाहीत. "मला दोन आहेत," त्या म्हणाल्या. "धाकटी रडली की ड्युटीवर असताना, ठाण्यात, फोनवरून आवाज ऐकून माझं तेच व्हायचं. अंग खोटं बोलत नाही, ताई. माणसं बोलतात."

त्यांनी जीपमधून एक पिशवी काढून दिली. आईच्या बांगड्या, चष्मा, आणि त्या चपला. "बघून घ्या आणि सही करा. घाई नाही."

पिशवी नम्रताने घरी येऊन उघडली. चष्मा आईचा. बांगड्या आईच्या. चपला हातात घेतल्या आणि ती स्वयंपाकघरात तशीच खाली बसली. त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात तिने नुसता तपकिरी रंग पाहिला होता, आणि आईशिवाय दुसरं नाव मनात यायला जागाच नव्हती. आई डावा पाय किंचित ओढत चालायची. तिची प्रत्येक चप्पल डाव्या टाचेला बाहेरच्या बाजूने झिजायची. दर वर्षी त्याच जागी, आणि नवी घेताना दुकानदाराशी त्यावरून हुज्जत ठरलेली. या चपलेची टाच सरळ होती. दोन्ही टाचा सरळ होत्या.

तिने चप्पल उलटी केली. तळाला जुना, करडा मळ होता. पांढरं काही नव्हतं. आणि त्या रात्री मोरीत आपल्याच तळव्यांवरचा चुना किती घासला तरी निघत नव्हता, हे तिला आठवलं. बोळीतून चालत गेलेल्या चपलेला चुना लागल्याशिवाय राहिला नसता.

तिने नाजिमाबाईंना फोन लावला.

"मॅडम, टाक्याजवळ सापडलेल्या चपला माझ्या आईच्या नाहीत. आणि त्या तिथे चालतही गेलेल्या नाहीत. कुणीतरी उचलून नेऊन ठेवल्यात."

४

"मग तुमच्या आईच्या चपला कुठे आहेत?" दुसऱ्या दिवशी सकाळी नाजिमाबाईंनी गाडीत विचारलं, आणि उत्तर स्वतःच दिलं. "देवळातून आपल्या चपला गायब झाल्या तर पुण्यात काय करतात? उरलेल्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या बघून घालतात आणि घरी जातात. त्या दिवशी मंडळींत वयस्क बायका दोनच होत्या."

चंद्रभागाबाई मुलाकडे, संपतकडे, खराडीत राहायच्या. दाराबाहेर चपलांच्या रांगेत एक तपकिरी जोड होता. डाव्या टाचेला बाहेरून झिजलेला. नम्रता दारातच उकिडवी बसली आणि तिने तो जोड छातीशी धरला. आतून आलेल्या चंद्रभागाबाई गोंधळल्या.

"होय न बाई, त्या माह्या नाहीत," त्या ओशाळून म्हणाल्या. "त्या दिवशी सगळी पळापळ. दगडापाशी आली तं माह्या चपला नाहीत, ह्याच एकट्या पडून होत्या. घातल्या पायात. मंग संपत म्हणे, राहू दे माय, मयताच्या घरी चपला मागाले कुठी जातं."

"तुमचं बरोबरच होतं," नाजिमाबाई म्हणाल्या. "आजी, अंधार झाला तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?"

"हिच्या मायच्याच पलीकडं. अन् थे लेकरू रडाले लागलं नं, बाई, मले कसंसंच झालं. मी म्हटलं, इतक्या अंधारात कोणाचं लेकरू रडून राह्यलं?"

नम्रताने झटकन मान वर केली. "तुम्हालाही ऐकू आलं?"

"येईन नाही तं का! मागून, पार आतून येऊन राह्यलं होतं. गुदमरल्यावानी. रडता रडता मधातच उचकी देये."

नम्रताच्या कानांत सूं झालं. तिला समोरची भिंत दिसेना.

"मधेच उचकी," तिने कसंबसं म्हटलं.

"हो न. अन् मंग तुही माय उठली. मी पदर धरला होता तिचा, म्हटलं बसा, अंधार हाय. पण थे कायची ऐकते! तिनं माहा हात सोडवला अन् माह्या बाजूनं जाता जाता म्हणे," म्हातारीने डोळ्यांना पदर लावला, "म्हणे, आले गं बाई, आले."

नम्रता हमसून हमसून रडली. चार दिवस घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आई तिला टाकून गेली नव्हती. भर काळोखात, ठाऊक नसलेल्या जागी, भिंतीला हात लावत लावत ती नातीला घ्यायला निघाली होती. बाळ घरी आहे हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण जन्मभर रडण्याच्या दिशेने चालत आलेल्या बाईला तेवढा विचार करायला उसंत कोण देतंय!

रडं ओसरल्यावर तिने नाजिमाबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती.

"काय झालं, मॅडम?"

"ताई," त्या सावकाश म्हणाल्या, "मैत्री त्या दिवशी हेमाकाकूंकडे होती. मग भुयारात तिचं रडणं कुणी नेलं?"

५

परतताना नाजिमाबाई एकेक गोष्ट मांडत गेल्या, आणि नम्रता खिडकीबाहेर बघत ऐकत गेली. ऐकू नये असं तिला वाटत होतं.

"बिलालला सोडून द्या. भोंगा मध्ये कुठे तुटला नाही, म्हणजे तो खटक्यावरच होता. दिवे आल्यावर तो तुमच्यासमोर दारातच होता. चपला हलल्या त्या दिवे आल्यानंतरच, कारण काळोखात ढिगातून एका बाईचा जोड कोण निवडणार? आणि चपला ठेवणाऱ्याला तेव्हाच माहीत होतं की तुमची आई टाक्यात आहे. तुम्ही सगळे तिला दाराकडे शोधत होतात. तो उलट्या दिशेने गेला. का? आवाज कुठून आला ते त्याला एकट्याला ठाऊक होतं म्हणून."

"पण चपला कशाला? झाकण उघडं होतं, पाय घसरला, असंच सगळ्यांना वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, बाई काळोखात तिकडे गेली कशाला? जीव दिला म्हटलं की हा प्रश्नच उरत नाही. आता मला एवढंच सांगा. दारापाशी सगळ्यांत शेवटी कोण पोचलं?"

नम्रताच्या खांद्याला तो गार हात पुन्हा लागला. गार का? ओला होता म्हणून.

"मी मुद्दाम एक अडचण सांगते," नाजिमाबाई म्हणाल्या. "घरातला माणूस असता तर त्याने चपला ओळखल्या असत्या. रोज दारात दिसतात त्या. याच एका गोष्टीमुळे मी अजून गप्प आहे."

खिडकीतून नजर आत वळवत नम्रता म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी चला. तो सहाला येतो."

घरी पोचल्यावर तिने आईच्या चपला दारात, शूरॅकच्या उजवीकडे ठेवल्या. आई राहायला आल्यापासून त्या तिथेच असायच्या. नाजिमाबाई स्वयंपाकघरात बसल्या. त्यांच्या सँडल नम्रताने आत नेल्या. मैत्री आतल्या खोलीत झोपली होती. नम्रता हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहिली. त्याला त्या चपला ओळखू येऊ देत, एवढंच ती मनात घोकत होती. दचकू दे, रडू दे, 'आईच्या चपला कुठे मिळाल्या?' असं विचारू दे. मग हे सगळं खोटं ठरेल आणि मी नाजिमाबाईंची माफी मागेन.

किल्ली फिरली. आनंदने आत येऊन बूट काढले, ते शूरॅकवर ठेवायला वाकला, आणि चपलांकडे बघून थांबला.

त्याने पायाने त्या थोड्या बाजूला सारल्या.

"कोण आलंय गं?" त्याने विचारलं.

नम्रताला वाटलं होतं आपण ओरडू. तिचा आवाज अगदी साधा निघाला. "आईच्या आहेत त्या, आनंद. तू त्या दिवशी चंद्रभागाबाईंच्या नेऊन ठेवल्यास."

तो उभाच राहिला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू पांढरा. नाजिमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तो जमिनीवरच बसला आणि भडाभडा बोलायला लागला.

मैत्रीचं रडणं त्याने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. युद्धातल्या भुयारात बाळ रडलं तर लोकांच्या काळजाला हात घालेल, असं त्याच्या डोक्यात आलं. आधी घरच्यांवर प्रयोग करायचा, मग ट्रस्टला सांगायचं. आदल्या संध्याकाळी वायरी तपासायच्या निमित्ताने तो भुयारात गेला. टाक्यातून आवाज घुमतो, म्हणून झाकण उचलून त्याने एक छोटा स्पीकर दोरीने आत सोडला. झाकण उघडंच राहिलं. तिकडे कोण जाणार आहे, असं तो धरून चालला. काळोखात बाकावर बसून त्याने शर्टाआड धरलेल्या मोबाईलवरून आवाज सुरू केला आणि लोक कसे शहारतात ते ऐकत बसला.

"दिवे आले आणि आई नव्हत्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "मी पळत गेलो. त्या पाण्यात हलत नव्हत्या. डोकं फुटलं होतं. मी हाक मारली, नमू, शपथ, मी हाक मारली. मग मी स्पीकर ओढून खिशात घातला. मला वाटलं, तुला कळलं तर तू मला कधी माफ करणार नाहीस. शिळेपाशी आलो, समोर चपला दिसल्या..."

"डॉक्टरांचं म्हणणंही तेच आहे, पडताक्षणीच गेल्या," नाजिमाबाई म्हणाल्या. "आणि त्या बिलालचं काय? त्याला आत टाकणार होतो आम्ही."



"झाकण उघडं राहिलं, ते मी माफ केलं असतं," नम्रता म्हणाली. "मला खूप त्रास झाला असता, पण केलं असतं. तू माझ्या शेजारी बसून रोज सांगत होतास, आई खचल्या होत्या. मी रोज रात्री तुला विचारत होते, मी काय कमी केलं, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. तुला माहीत होतं ती का उठली. तुला एकट्याला माहीत होतं!"

तेवढ्यात आतून मैत्री रडायला लागली. रडता रडता मध्येच उचकी. त्या आवाजाने तिघंही जागच्या जागी थिजली. सवयीने आनंद उठायला गेला.

"तू नको," नम्रता म्हणाली.

नाजिमाबाईंनी त्याच्या दंडाला धरलं. दारातून बाहेर पडताना, बूट घालायला वाकल्यावर, तो त्या चपलांकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. डावी टाच झिजलेली होती. नम्रताने ते पाहिलं, पण तिला थांबायला सवड नव्हती. डोळ्यांचं पाणी पुसलेले हात तसेच ओले होते, आणि ती आतल्या खोलीकडे धावत म्हणत होती, "आले गं बाई, आले."